'वक्त'चा हिशेब: कुणाला काय ठाऊक आणि कधीपासून

रात्रीची वेळ. राजा रवीच्या घरात शिरतो तो त्याचा काटा काढायला. मीनावर जीव दोघांचा, आणि मीनाचा कौल रवीच्या बाजूने. चोरीवर पोट भरणाऱ्या माणसाला यातून वाट काढायचा एकच मार्ग सुचतो. पण तिथे त्याला लहानपणीचा एक फोटो दिसतो आणि त्याचा हात थांबतो. फोटोतलं पोर त्याच्या ओळखीचं आहे. तो बबलू आहे, त्याचा पाठचा भाऊ.

'वक्त' हा हिंदी चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला या प्रसंगात नवीन काहीच कळत नाही. रवी म्हणजे लहानपणी ताटातूट झालेला बबलू हे त्याला केव्हापासून ठाऊक आहे. राजा म्हणजे त्याचा थोरला भाऊ राजू हेही ठाऊक आहे. तरी त्या खोलीत श्वास अडकतो, कारण इतका वेळ जे ओझं प्रेक्षक एकटा वाहत होता त्याला आता पडद्यावर एक वाटेकरी मिळालेला असतो. या चित्रपटाची ताकद समजून घ्यायची असेल तर इथूनच सुरुवात करावी. ताटातुटीचे चित्रपट योगायोगांवर चालतात असं सरसकट म्हटलं जातं. 'वक्त' चालतो तो माहितीच्या वाटपावर. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला ते कधी कळणार, याचा हिशेब इथे वाण्याच्या वहीसारखा चोख ठेवलेला आहे.

चित्रपट आणि गोष्ट

बी. आर. फिल्म्सचा हा चित्रपट १९६५चा. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक त्यांचे धाकटे बंधू यश चोप्रा. यशजींचा हा तिसरा चित्रपट ('धूल का फूल' १९५९, 'धर्मपुत्र' १९६१) आणि पहिला रंगीत. कथा अख्तर मिर्झा यांची, संवाद अख्तर-उल-ईमान यांचे, छायालेखन धरम चोप्रा यांचं, संकलन प्राण मेहरा यांचं. गीतं साहिर लुधियानवी यांची आणि संगीत रवी यांचं. (नायकाचं नावही रवीच आहे, त्यामुळे पुढे संगीतकाराचा उल्लेख 'संगीतकार रवी' असा केला आहे.) लांबी २०६ मिनिटं.

लाला केदारनाथ हा भरभराटीला आलेला व्यापारी. बायको लक्ष्मी आणि तीन मुलगे. तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. उद्याचं कुणी सांगावं, असं ज्योतिषी म्हणतो तेव्हा लाला आपल्या मनगटाच्या जोरावर हसून ते उडवून लावतो. त्याच रात्री भूकंप होतो आणि घरदार, दुकान सगळं जमिनीला मिळतं. थोरला राजू अनाथाश्रमात जातो, तिथल्या व्यवस्थापकाच्या मारझोडीला कंटाळून पळतो. पोराचा शोध घेत आलेल्या केदारनाथच्या हातून तो व्यवस्थापक मारला जातो, आणि बापाची उमेदीची वर्षं तुरुंगात जातात. मधला बबलू एका सधन जोडप्याला सापडतो. तान्हा मुन्ना आईच्या कुशीत राहतो आणि दोघं गरिबीत दिवस काढतात.

वर्षं उलटतात. राजू आता राजा आहे, चिनॉय सेठसाठी दागिने लंपास करणारा उंची कपड्यातला चोर. बबलूचा रवी झालाय, वकील. मुन्ना म्हणजे विजय, शिकलेला असूनही ड्रायव्हरकी करणारा, कारण आईच्या आजारपणाला पैसा हवा. चिनॉयच्या पार्टीच्या रात्री त्याचा हस्तक बलबीर मारला जातो. मारतो खुद्द चिनॉय, अडकवला जातो राजा. खोटी साक्ष द्यायला चिनॉय आपल्या ड्रायव्हरला गाठतो, आणि आईच्या उपचारासाठी विजय तयार होतो. राजाचं वकीलपत्र रवीकडे.

शेवटापासून मागे

आता शेवटचा प्रसंग समोर ठेवा. आरोपीच्या पिंजऱ्यात थोरला भाऊ, त्याचा बचाव करणारा मधला, त्याच्या विरोधात साक्ष द्यायला उभा धाकटा. खटल्याला ज्या तीन जागा लागतात, त्या तिन्ही एकाच घरातल्या पोरांनी भरल्या आहेत. आणि बाप स्वतः खुनाची शिक्षा भोगून सुटलेला.

हे आपोआप घडलेलं नाही. चोर, वकील आणि ड्रायव्हर हे तीन व्यवसाय या न्यायालयीन प्रसंगासाठीच निवडलेले दिसतात. पटकथेची अशी बांधणी करायची तर आधी शेवटची खोली ठरवावी लागते. त्या खोलीत माणसांना कुठे उभं करायचं हे ठरलं की त्यांचे धंदे ठरतात, आणि धंदे ठरले की लहानपणी कुणाची रवानगी कुठे करायची हेही ठरतं. अनाथाश्रमातून पळालेला पोरगा चोर होऊ शकतो, श्रीमंताच्या घरी वाढलेला वकील होऊ शकतो, गरीब विधवेसारखं जगणाऱ्या आईचं पोर दुसऱ्याची गाडी चालवू शकतं. भूकंपाने कुटुंबाच्या ठिकऱ्या उडाल्या असं पडद्यावर दिसतं. लेखकाच्या टेबलावर प्रत्येक ठिकरी नेमकी कुठे पडायची ते आधीच आखलेलं होतं.

याहून बारीक कारागिरी भावांच्या वयात आहे. थोरला एवढा मोठा आहे की त्याला सगळं आठवतं. मधल्याला आठवण राहायचं वय नव्हतं, आणि धाकटा तर मांडीवरचा. तीन भाऊ म्हणजे स्मरणाच्या तीन पायऱ्या. तिघांची वयं जवळजवळ धरली असती तर तिघांनाही सारखंच आठवलं असतं, आणि गोष्ट पहिल्या भेटीतच आटोपली असती. सगळी आठवण एकट्या राजाच्या वाट्याला आली म्हणूनच फोटो ओळखणारा तोच, गप्प राहणारा तोच, मीनावरचा हक्क सोडणाराही तोच. राज कुमार यांना फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला तो सहाय्यक अभिनेत्याचा. पटकथेचा कणा मात्र त्यांच्याच भूमिकेत आहे.

ही वही स्वतः मांडून पाहण्यासारखी आहे. एका कागदावर उभे रकाने आखायचे: केदारनाथ, लक्ष्मी, राजा, रवी, विजय, चिनॉय, आणि शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. आडव्या ओळीत प्रसंग. प्रत्येक चौकटीत त्या वेळी त्या माणसाला काय ठाऊक आहे एवढंच लिहायचं. प्रेक्षकाचा रकाना पहिल्या तासातच जवळपास भरून जातो, बाकीचे शेवटपर्यंत अर्धे रिकामे राहतात. रहस्यकथेत याच्या बरोब्बर उलट असतं, तिथे प्रेक्षकाचाच रकाना रिकामा. मालिका किंवा दोन अंकी नाटक लिहिणारे पुष्कळदा इथेच घसरतात. 'हा तुझा भाऊ' हे प्रेक्षकापासून लपवून ठेवतात आणि शेवटी फटाका वाजवतात. फटाका एकदाच वाजतो. आधी सांगून टाकलं की राजा आणि रवी समोरासमोर आले की प्रत्येक वेळी पोटात कालवाकालव होते, मग ते मोटारींच्या शर्यतीत असोत की पार्टीत.

चिनॉयचा उपयोगही पाहण्यासारखा आहे. थोरला त्याच्यासाठी चोऱ्या करतो, धाकटा त्याची गाडी चालवतो. मधला ज्या घरी वाढला तिथली मुलगी रेणू हिचं प्रेम धाकट्यावर. म्हणजे सगळी माणसं दोन-तीन घरांच्या आत फिरत राहतात आणि प्रत्येक भेटीसाठी नवा योगायोग खर्ची घालावा लागत नाही. मुंबईसारख्या शहरात ही माणसं एकमेकांना कशी सापडतात हा प्रश्न पडण्याआधीच त्यांच्या नोकऱ्यांनी आणि नात्यांनी ती एकमेकांच्या दारात आणून ठेवलेली असतात.

पात्रयोजना

बाप आणि तीन मुलगे म्हटल्यावर बी. आर. चोप्रांच्या मनात आधी पृथ्वीराज कपूर आणि राज, शम्मी, शशी ही खरीच बाप-लेकांची चौकडी होती. बिमल रॉय यांनी त्यांना सावध केलं: हे चौघे एका रक्ताचे आहेत हे अख्ख्या देशाला ठाऊक आहे, ते एकमेकांना ओळखत नाहीत यावर विश्वास कोण ठेवणार? हा किस्सा चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो, आणि त्यातला मुद्दा मोलाचा आहे. अशा गोष्टीत भावांचे चेहरे मिळतेजुळते असणं हा गुण ठरत नाही. तिघं तीन घरांत, तीन थरांत वाढलेले दिसायला हवेत.

कपूरांपैकी एकटे शशी उरले. थोरला राज कुमार, मधला सुनील दत्त. या दोघांनी १९५७च्या 'मदर इंडिया'त बाप-लेक केले होते, आठ वर्षांनी इथे भाऊ झाले. बोलण्याची ढब तिघांची अगदी वेगळी. राज कुमार शब्दाशब्दात जागा सोडून, आवाज न चढवता बोलतात. सुनील दत्त मोकळे, पटपट, खात्यापित्या घरचे. शशी कपूर संकोचलेले, मान किंचित झुकलेली. डोळे मिटून ऐकलं तरी कोण कुठे वाढला ते कळतं.

वयाचं गणित मात्र कच्चं आहे. बलराज साहनी १९१३चे, राज कुमार १९२६चे, म्हणजे बाप थोरल्याहून १३ वर्षांनी मोठा. आईच्या भूमिकेतल्या अचला सचदेव १९२०च्या, थोरल्या लेकाहून फक्त ६ वर्षांनी मोठ्या. तरीही हे खटकत नाही, कारण आई-बाप आपण आधी तरुण, हसते, जरीच्या कपड्यांत पाहिलेले असतात. नंतर बलराज साहनी खांदे पाडून, पाय ओढत येतात तेव्हा आपण त्या देहाची आधीच्या देहाशी तुलना करतो, मुलांच्या चेहऱ्यांशी करत नाही. ज्यांना कमी वयात म्हातारपण रंगवायचं असतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं: पांढऱ्या केसांपेक्षा आधीचा ताठ कणा जास्त कामाला येतो, आणि तो प्रेक्षकाला आधी दाखवून ठेवावा लागतो.

खलनायकीचं कामही वाटून दिलेलं आहे. रहमान यांचा चिनॉय सभ्य, घरंदाज, आवाजात रेशीम. मदन पुरी यांचा बलबीर उघड दांडगा. जीवन यांचा अनाथाश्रमाचा व्यवस्थापक थोड्या वेळासाठी येतो पण सगळी पडझड त्याच्यापासून सुरू होते. एकच खलनायक ठेवला असता तर चिनॉयला स्वतःच गुरगुरावं लागलं असतं, आणि मग राजासारखा माणूस त्याच्या पदरी का राहिला असता? मोतीलाल सरकारी वकील आहेत. शशिकला, लीला चिटणीस, सुमती गुप्ते, मनमोहन कृष्ण, सुरेंद्र ही मंडळी छोट्या जागांवर आहेत, पण प्रत्येकाला बघताक्षणी ओळखता येतं. इतक्या माणसांच्या चित्रपटात ही चैन नसून गरज आहे. अनोळखी चेहरा आला की तो कोण हे समजावण्यात दोन संवाद जातात, ओळखीचा चेहरा ते दोन संवाद वाचवतो.

चाकू

राजा आणि बलबीर यांच्यातला चाकूचा प्रसंग निवांत बघावा. बलबीर चाकू काढतो. राजा तो त्याच्याकडून काढून घेतो आणि सांगतो की ही लहान मुलांनी खेळायची वस्तू नाही, हात कापला तर रक्त येतं. अख्तर-उल-ईमान हे उर्दूतले मोठे कवी, त्यामुळे वाक्य कुठे तोडायचं हे त्यांना नेमकं कळतं. धमकी म्हणून लिहिलं असतं तर वाक्यात 'मी' आला असता: मी तुला असं करीन, तसं करीन. इथे 'मी' नाहीच. चाकूबद्दलची एक साधी सूचना आहे, घरातला वडीलधारा पोराला देतो तशी. आणि राजा हा खरोखरच कुणाचा तरी थोरला भाऊ आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. काचेच्या घरातल्यांनी दगड मारू नयेत ही जुनी म्हण चिनॉयला ऐकवताना राज कुमार 'चिनॉय सेठ' हे संबोधन इतकं थांबून उच्चारतात की मान देणारे ते दोन शब्दच जास्त धारदार होतात. नकला करणारे आवाज उचलतात, विराम त्यांच्या हातून निसटतात.

गाणी आणि कपडे

'ऐ मेरी ज़ोहरा जबीं' मन्ना डे यांच्या आवाजात सुरुवातीलाच येतं. नवरा चार लोकांत बायकोचं कौतुक करतो आणि ती लाजून चूर होते. नायक-नायिकेचं पहिलं प्रेमगीत मुलांच्या वाट्याला न जाता आई-बापांच्या वाट्याला गेलं ही केवढी हिमतीची गोष्ट! पण त्याशिवाय पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. काय हरवलं हे प्रेक्षकाला कळायला हवं, आणि ते या पाच मिनिटांत कळतं.

बाकी बहुतेक गाण्यांत आशा भोसले आहेत, एकटीने किंवा महेंद्र कपूर यांच्याबरोबर. रफीसाहेबांचं 'वक्त से दिन और रात' हे निवेदकाचं काम करतं. 'आगे भी जाने ना तू' पार्टीत येतं आणि पडद्यावर ते एरिका लाल गातात, म्हणजे गोष्टीशी काहीही संबंध नसलेली गायिका. साहिरांनी ज्योतिषाचं पहिलंच बोलणं इथे फिरवून आणलं आहे: पुढचं ठाऊक नाही, मागचं ठाऊक नाही, हातात आहे तो हा एक क्षण. लालाने हेच हसण्यावारी नेलं होतं. आता त्याच्या मुलांच्या कानावर तेच पडतं आणि कुणाचंच लक्ष नसतं. खून याच रात्री होतो. गाण्यासाठी गोष्ट थांबलीय असं इथे वाटत नाही, उलट गाणं संपू नये असं वाटतं.

मीना झालेल्या साधना यांचे कपडे भानू अथैया यांचे. कोल्हापूरच्या भानूताईंना पुढे १९८३मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं. 'वक्त'मधला अंगासरशी बसणारा कुर्ता आणि चुडीदार पुढे कॉलेजातल्या मुलींनी उचलला आणि त्याची लाटच आली. उघड्या मोटारी, मोठाले दिवाणखाने आणि हे कपडे यांना नुसता भपका म्हणणं अन्यायाचं आहे. धरम चोप्रांच्या रंगीत कॅमेऱ्याला त्यांनी काम दिलं. या श्रीमंतीशेजारी विजय आणि त्याच्या आईची खोली येते तेव्हा गरिबीवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

कुठे सैल पडतं

विजयचा धागा सर्वात बारीक आहे. आईचं दुखणं, नोकरीची गरज आणि खोट्या साक्षीचा दबाव एवढंच त्याच्या वाट्याला येतं. तो काय विचार करतो हे कळायला जागाच नाही. त्यामुळे साक्षीच्या पिंजऱ्यातली त्याची घालमेल पटकथेपेक्षा शशी कपूर यांच्या चेहऱ्यावर जास्त अवलंबून राहते. तीन भावांच्या गोष्टीत एकाला सगळी आठवण दिली की एकाच्या वाट्याला नुसती परिस्थिती उरते. या बांधणीची ही किंमत आहे आणि ती धाकट्याने मोजली.

मीनाचंही तसंच. साधनासारखी अभिनेत्री असूनही तिच्याकडे निवड करण्यापलीकडे काम नाही, आणि तिच्या घरचे रवीच्या जन्माबद्दल नाक मुरडतात तेव्हा खरं भांडण तिचं असायला हवं होतं. प्रेमाचे प्रसंग आणि गाणी यांत मधला तास सैलावतो. आज बघताना हात रिमोटकडे जातो तो इथेच.

आणि कोर्ट. वकील उलटतपासणी सोडून भाषण करतो, साक्षीदार वाटेल तेव्हा बोलतो, कोर्टात कुटुंबाचं मीलन होतं. याच संस्थेने १९६०मध्ये एकही गाणं नसलेला 'कानून' केला होता, म्हणजे कोर्ट त्यांना परकं नव्हतं. इथे त्यांनी कामकाजाचा काटेकोरपणा बाजूला ठेवला, कारण त्या खोलीत निकाल कायद्याचा लागायचा नव्हता. तरी उलटतपासणी दोन प्रश्नांनी आवळली असती तर विजयचं कोसळणं अधिक खरं वाटलं असतं असं म्हणायला जागा आहे.

हरवलेल्या मुलाची गोष्ट 'वक्त'आधीही होती, १९४३चा 'किस्मत' आठवावा. नंतर 'यादों की बारात' (१९७३) आणि 'अमर अकबर अँथनी' (१९७७) यांनी तीन भावांचा साचा घराघरात नेला. पहिल्यात गाणं ही ओळखीची खूण झाली, दुसऱ्यात तीन भाऊ तीन धर्मांत वाढले. 'वक्त'मध्ये अशी ठळक खूण नाही. एक जुना फोटो आहे, आणि तो ओळखू शकणारा एकच माणूस आहे.

फिल्मफेअरचे पाच पुरस्कार मिळाले: दिग्दर्शन, सहाय्यक अभिनेता, कथा, संवाद आणि रंगीत छायालेखन. प्रेक्षकांनी मात्र वेगळंच जपून ठेवलं. लग्नाच्या पंचविसाव्या नाहीतर पन्नासाव्या वाढदिवसाला कुणीतरी काका माइक हातात घेतात आणि काकूंकडे बघत 'ऐ मेरी ज़ोहरा जबीं' सुरू करतात. सगळे टाळ्यांनी ताल धरतात, काकू पदर सावरत मान फिरवतात, अगदी अचला सचदेव यांच्यासारखी. पडद्यावर ज्या रात्री हे गाणं गायलं गेलं त्याच रात्री भूकंप झाला होता, हे त्या हॉलमध्ये कुणाच्याही मनात येत नाही.